चार रविवार, दोन डोकी, छत्तीसशे रुपये: पोरवयातल्या बाखचा क्लास कसा वाटला

पाचपैकी साडेतीन. एक स्टार खुर्च्यांमुळे गेला आणि अर्धा हार्पसिकॉर्डमुळे, दोन्हीबद्दल खाली येतंच. बाकी क्लास भारी आहे, घरात पियानो नाहीतर कीबोर्ड शिकणारं पोर असेल तर जाच, फक्त पोराला आत सोडून स्वतः गाडीत मोबाईल बघत बसू नका.

मला वेस्टर्न क्लासिकलमधलं काही कळत नाही हे आधीच सांगतो. आमच्या घरात सवाई, रेडिओ आणि वडिलांच्या कॅसेटी, संपलं. गेलो ते भाचीमुळे. ती नववीत आहे, पंधरावं लागलंय, पाच वर्षं पियानो शिकतेय आणि परीक्षांच्या ग्रेडी देतेय, आणि गेल्या वर्षभरात असं झालं की पियानोसमोर बसायचं म्हटलं की तोंड वाकडं. बहीण म्हणाली, तू काहीतरी कर, तुझं ऐकते. मी काय करणार कपाळ. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी मेसेज फॉरवर्ड केला, प्रभात रोडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्यात चार रविवार सकाळी साडेदहा ते साडेबारा, विषय "बाख: बालपण आणि तरुणपण" (बाख म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा थोर जर्मन संगीतकार), माणशी अठराशे रुपये, मराठीतून. ते "मराठीतून" वाचलं आणि मी लगेच दोन जागा घेतल्या. नाव पत्ता इथे टाकत नाही कारण तक्रारीपण लिहिणार आहे आणि शिकवणाऱ्या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. पुण्यात शोधलं की सापडतं.

बाई साठीच्या पुढच्या, काही वर्षं जर्मनीत राहून आलेल्या, सुती साडी, गळ्यात दोरीला चष्मा, आणि बोलणं एकदम सदाशिवपेठी. पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रीनवर तो नेहमीचा फोटो लावला, म्हणजे फोटो नाही, चित्र, पांढरा विग, दुहेरी हनुवटी, हातात नोटेशनचा कागद. भाचीच्या क्लासात भिंतीवर हेच टांगलेलं आहे आणि ती त्यांना "विगवाले आजोबा" म्हणते. बाई म्हणाल्या की बाखचं खात्रीचं असं चित्र हे एकच, हाउसमान नावाच्या चित्रकाराने १७४६ साली काढलेलं, तेव्हा बाख एकसष्ट वर्षांचा होता, म्हणून सगळ्या जगाला वाटतं की हा माणूस जन्मलाच म्हातारा. "आपण चार आठवडे हा विग काढायचाय," असं त्या म्हणाल्या आणि तेवढ्यात प्रोजेक्टर गेला. परत आला नाही. पहिला अख्खा क्लास मग तोंडीच झाला आणि खरं सांगतो, काही बिघडलं नाही.

पहिल्या दिवसाचं फार लिहीत नाही. आयझेनाख गाव, १६८५ चा जन्म, आठ भावंडांत शेंडेफळ, वडील गावचे सरकारी वाजंत्री म्हणता येतील असे, काका संगीतकार, चुलते संगीतकार. बाईंनी याला सरळ घराणं म्हटलं आणि तो शब्द इतका बरोबर बसतो की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. ही बाख मंडळी वर्षातून एकदा जमायची, सुरुवात देवाच्या गाण्याने आणि मग हळूहळू गाडी थट्टामस्करीच्या, जरा चावट गाण्यांवर यायची, आणि प्रत्येकाने आपापलं वेगळं गाणं एकाच वेळी म्हणायचं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री अंताक्षरीत होतं तेच, फक्त यांचं सुरात असावं.

मग शाळेचं हजेरीपत्रक आलं. ते टिकून आहे आजपर्यंत, ही जर्मन लोकांची कमाल. त्यात एका वर्षी पोरगा १०३ अर्धे दिवस गैरहजर. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतले एक वडील सावरून बसले आणि विचारलं, "म्हणजे मुलांनी शाळा बुडवली तरी चालेल असं म्हणताय का तुम्ही?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही हो. मे १६९४ मध्ये त्याची आई गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत वडील. दहावा वाढदिवस महिन्यावर आला होता. ते वर्ष आहे हे." हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ते वडील नंतर चहाला माझ्या शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत, बिस्कीट चहात बुडवून तसंच धरून राहिले आणि ते पडलं.

आता खुर्च्या. लोखंडी घडीच्या, बसल्यावर मागे कलणाऱ्या, आणि दोन तास. अठराशे रुपये घेताय तर गाद्या तरी टाका खाली, आपण भारतीय बैठकीची माणसं आहोत, मांडी घालून चार तास ऐकू. दुसऱ्या रविवारपासून मी घरून उशी नेली.

तर दुसरा रविवार. हा एक दिवस अठराशेच्या तोडीचा होता.

आईवडील गेल्यावर सेबास्टियन, म्हणजे आपला बाख, आणि त्याचा थोडा मोठा भाऊ याकोब यांना सगळ्यात मोठ्या भावाने ओरड्रुफला स्वतःकडे नेलं. हा मोठा भाऊ योहान क्रिस्टोफ, तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन, म्हणजे तो मोठाल्या नळ्यांचा बाजा, वाजवायचा, आणि पाखेलबेलचा शिष्य, म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला हल्ली जी एक संथ धून वाजत असते तिचा कर्ता तो पाखेलबेल. या क्रिस्टोफकडे एक वही होती, त्यात फ्रोबर्गर, केर्ल, पाखेलबेल अशा त्या काळच्या दादा लोकांच्या रचना. धाकट्याने मागितली, मोठ्याने नाही म्हटलं, आणि वही जाळीच्या दाराच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. बाखच्या मृत्यूनंतर मुलाने आणि शिष्याने मिळून जो मृत्युलेख लिहिला त्यात ही गोष्ट आहे, म्हणजे घरात सांगितली जायची.

इथे बाईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. स्वयंपाकघरातून दोघांनी उचलून एक जुनं फडताळ आणलं. जाळीचं, लाकडी चौकटीचं, आजीच्या घरी दूधदुभतं ठेवायला असायचं तसलं, एका कोपऱ्यात जाळी थोडी फाटलेली. आत एक शंभर पानी वही ठेवली, पुठ्ठ्याची नाही, नुसत्या कागदाच्या कव्हरची, आणि मोठ्यांना म्हणाल्या काढून दाखवा. मी प्रयत्न केला, माझा हात बोटांच्या पेरांपाशी अडकला आणि वर एक ओरखडा. मग वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, नऊ-दहा वर्षांची असेल, तिला बोलावलं. तिचा हात सर्रकन आत. पण वही आडवी, ती फटीतून येईना. मुलगी दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि मग तिने आतल्या आत वहीची गुंडाळी केली, सुरळी, आणि ओढून बाहेर काढली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मृत्युलेखात नेमकं हेच लिहिलंय, कागदी बांधणी होती म्हणून आतच गुंडाळता आली. टाळ्या वाजल्या. भाची माझ्या कानात म्हणाली, "मामा, हा तर चोर होता." म्हटलं, होता.

घरात सगळे झोपल्यावर वही काढायची, दिवा मिळत नसे म्हणून चंद्राच्या उजेडात उतरवायची, परत ठेवायची, असं सहा महिने. आणि शेवटी पूर्ण झाली तेव्हा भावाला कळलं आणि त्याने ती उतरवलेली प्रत काढून घेतली.

होमवर्क मिळालं: एक पान चंद्रप्रकाशात उतरवून आणा. त्याच आठवड्यात कोजागिरी होती, बाईंनी मुद्दाम तारखा तशा लावल्या असणार. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध आणि भेळ असते, तर एका बाजूला भोंडल्याची राहिलेली हौस फेडणं चाललंय, कोणीतरी दूध उतू घालवलंय, आणि टाकीच्या मागे मी आणि भाची पाच रेघांचा कागद घेऊन बसलोय. ऐका आता. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला तरी रेघा दिसतात, ठिपका दिसतो, पण ठिपका रेघेवर आहे की दोन रेघांच्या मधे ते काही केल्या कळत नाही. आणि सूर कुठला ते त्याच्यावरच ठरतं. भाची कागद नाकाला लावून बसली, अर्ध्या तासात आठ मापं, म्हणजे आपली आवर्तनं म्हणा, उतरवली, खाली ट्यूबलाइटमध्ये तपासली तर तीन चुकलेली. डोळ्यांतून पाणी. मी एकच ओळ केली आणि ती वाचण्यालायक नाही. आणि हे कोथरूडच्या गच्चीवर, जिथे आजूबाजूच्या बिल्डिंगांचा उजेडच निम्मा असतो.

मग आम्ही हिशोब केला. असा उजेड महिन्यातून किती रात्री मिळेल, पौर्णिमेच्या अलीकडे पलीकडे मिळून आठ-दहा, त्यातही ढग नसतील तेव्हा, आणि ते काही आपलं ऑक्टोबरचं आभाळ नाही. म्हणजे सहा महिने हा आकडा ऐकताना मोठा वाटतो पण हातात धड साठ रात्रीपण नसतील. भाची म्हणाली, "आणि एकदाही मोठ्याने वाजवून बघता येत नसणार. सगळे झोपलेत ना." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा महिने नुसतं डोळ्यांनी ऐकायचं. दूध गार झालं ते झालंच.

बाईंशी माझं इथे थोडं वाजलं, म्हणजे प्रेमाने. त्यांच्या सांगण्यात मोठा भाऊ जरा खाष्ट निघतो. मला नाही पटलं. तो क्रिस्टोफ तेव्हा किती वर्षांचा, चोवीस! नुकतंच लग्न झालेलं, तुटपुंजा पगार, आणि घरात दोन पोरकी भावंडं. वरून ती वही म्हणजे छापील पुस्तक नव्हे, कोणाकोणाकडून मिळवून हाताने लिहिलेली, ती म्हणजे त्याची पुंजी. आपल्याकडे खांसाहेब लोक चीज देत नसत, अस्ताई शिकवली तर अंतरा राखून ठेवत, त्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो आणि हा जर्मन तेवढा दुष्ट? बाई हसल्या, म्हणाल्या तुमचा मुद्दा चौथ्या रविवारपर्यंत राखून ठेवा. ठेवला.

मधली वर्षं भराभर झाली. पंधराव्या वर्षी ओरड्रुफच्या शाळेत मोफत जेवणाची सोय संपली, तसं रजिस्टरमध्येच लिहिलंय, मग एका मित्राबरोबर उत्तरेला ल्युनेबुर्गला, तीनशे किलोमीटरच्या वर, तिथे गाणाऱ्या गरीब मुलांना फी माफ. आवाज छान होता म्हणून घेतलं आणि थोड्याच दिवसांत फुटला, आठ दिवस म्हणे बोलताना वरचा आणि खालचा असे दोन्ही सूर एकदम निघायचे. हॉलमधली चौदा-पंधराची दोन पोरं एकमेकांकडे बघून खिदळली. तिथून हाम्बुर्गला राइनकेन नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला पायी जायचा, आणि एकदा परत येताना खिशात काही नाही, खानावळीच्या बाहेर बसलाय, वरून कोणीतरी हेरिंग माशाची दोन डोकी फेकली, हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा नातेवाईक, आणि प्रत्येक डोक्यात एकेक सोन्याचं नाणं. त्या पैशाने घरी जायच्या ऐवजी पठ्ठ्या परत राइनकेनकडे. बाईंनी बजावलं की ही ऐकीव गोष्ट आहे, खूप नंतर छापलेली. पण त्यानेच उतरवलेलं राइनकेनच्या एका रचनेचं हस्तलिखित वायमारच्या ग्रंथालयात सापडलं, त्यावर १७०० साल, ते मात्र खरं. २००६ मध्ये जाहीर झालं. त्या ग्रंथालयाला २००४ मध्ये मोठी आग लागलेली आणि हे कागद वाचले. बाई हे सांगताना एकदम भांडारकर संस्थेबद्दल बोलतात तशा बोलायला लागल्या.

तिसरा रविवार म्हणजे आर्नश्टाट, आणि इथे माणूस खरा उभा राहिला. अठराव्या वर्षी नोकरी, नवीन चर्चचा ऑर्गनवादक, कोरा करकरीत ऑर्गन. हाताखाली शाळेतली मुलं, त्यातली काही याच्याहून मोठी, आणि याला त्यांचं वाजवणं सहन होत नाही. तर गायर्सबाख नावाचा एक विद्यार्थी, याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, बासून वाजवायचा, बासून म्हणजे ती लांबलचक लाकडी फुंकायची नळी, आवाज घोगरा. त्याला बाखने "त्सिप्पेलफागोटिस्ट" म्हटलं. या शिवीचा नेमका अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतायत. बाई म्हणाल्या, चला, मराठीत काय म्हणाल? पाच मिनिटं नुसता धुमाकूळ. एकाने "भिकार सनईवाला" सुचवलं, सनई पवित्र आहे म्हणून ते बाद झालं. कोणीतरी "बेसूर भोंगा". शेवटी भाचीने हात वर करून "शेंबडा पिपाणीवाला" म्हटलं आणि तेच फायनल, पुढे दोन्ही रविवार त्या गायर्सबाखला सगळे पिपाणीवालाच म्हणत होते.

४ ऑगस्ट १७०५ ची रात्र. पिपाणीवाला आणि आणखी पाच जण बाजारचौकात बसलेले, बाख नात्यातल्या एका बहिणीबरोबर घरी निघालेला. पिपाणीवाल्याने काठी घेऊन अडवलं, माफी माग म्हणाला, काठी मारली, आणि बाखने तलवार उपसली. विगवाल्या आजोबांनी. बाकीच्यांनी मधे पडून सोडवलं. दुसऱ्या दिवशी बाखच तक्रार घेऊन चर्चच्या मंडळाकडे गेला आणि त्या चौकशीचं सगळं लिखाण शिल्लक आहे, बहिणीची साक्षसुद्धा. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि मला आमच्या सोसायटीच्या एजीएमचे मिनिट्स आठवले, तोच सूर, सभासदाने असे बोलावयास नको होते वगैरे. मंडळाने शेवटी बाखलाच सुनावलं की मुलांशी जमवून घ्या, माणसाला अपूर्ण लोकांबरोबरच राहावं लागतं.

त्याने काय केलं? रजा टाकली. चार आठवड्यांची. ल्युबेकला बुक्स्टेहूड नावाचा सत्तरीकडे झुकलेला थोर ऑर्गनवादक होता, त्याला ऐकायला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, पायी, ऐन थंडीच्या तोंडावर. आपली आळंदी ते पंढरपूर वारी अडीचशेच्या आत-बाहेर, आणि तिथे दिंडी असते, जेवण असतं, सोबत असते. आमच्या बिल्डिंगमधले एक काका दरवर्षी वारी करतात त्यांना मी हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "पायात काय होतं त्याच्या?" अजून उत्तर नाही माझ्याकडे. आणि मला सारखे भीमसेनजी आठवत होते, अकराव्या वर्षी गुरू शोधायला घर सोडून गेले, गदगहून निघून कुठे कुठे फिरले. तीच जात आहे ही. घरच्यांना, साहेबांना, कोणाला काय वाटेल याचा विचारच नाही, फक्त तिकडे काहीतरी आहे आणि ते मला यायला पाहिजे.

चार आठवड्यांची रजा आणि परत आला चार महिन्यांनी. २१ फेब्रुवारी १७०६ ला परत मंडळासमोर. कुठे होतास? ल्युबेकला, माझ्या कलेतलं एक-दोन गोष्टी समजून घ्यायला. विचारून गेलास का एवढ्या दिवसांचं? तर म्हणाला, मी बदली माणूस ठेवला होता, त्याने नीट वाजवलं असेल अशी अपेक्षा आहे. म्हणजे बघा. ऑफिसात कोणी असं उत्तर दिलं तर एचआर काय करेल. वर आणखी तक्रार की तू भजनाच्या साथीत विचित्र सूर घुसवतोस, लोक गोंधळतात. आणि आधी फार लांबण लावायचास, सांगितलं तर आता फारच आखूड वाजवतोस. हे आखूड वाजवणं मला जाम आवडलं. विशीतल्या पोराचं शुद्ध तिरकसपण.

लोक गोंधळतात म्हणजे काय होत असेल, ते दाखवायला बाई कीबोर्डवर बसल्या आणि म्हणाल्या सगळ्यांनी उभं राहा, गणपतीची आरती म्हणा, मी साथ करते. झालं, पुणेकर आरतीला मागे हटतोय का, टाळ्या वाजवत सुरू. पहिली ओळ ठीक. ओळ संपल्यावर बाईंनी एक अशी फिरत घेतली वरून खालपर्यंत की पुढची ओळ कधी उचलायची तेच कळेना, अर्ध्यांनी उचलली, अर्धे थांबले. तिसऱ्या ओळीला खाली असे सूर लावले की आपलीच चाल परकी वाटायला लागली, मी चक्क खालच्या पट्टीत घसरलो, पुढच्या रांगेतल्या एक आजी रागावून "अहो काय हे" म्हणाल्या. कडव्याच्या शेवटापर्यंत तिघंचौघंच उरले होते. मग बाईंनी त्या आर्नश्टाटच्या काळाशी जोडतात अशी एक साथ रेकॉर्डिंगवर लावली आणि अगदी हेच, ओळ, धबधबा, ओळ, धबधबा. मला पहिल्यांदा त्या चर्चमधल्या लोकांची दया आली. आणि त्याच वेळी तो धबधबा परत ऐकावासा वाटला, हेपण खरं.

चौथ्या रविवारी मात्र उतरती कळा. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं "हार्पसिकॉर्डवर प्रत्यक्ष वादन". मी घरी वाचून गेलो होतो, पियानोत हातोडी तारेवर पडते आणि हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, सतारीला नखीने छेडतात तशी, म्हणून कितीही जोरात दाबा आवाज तेवढाच. हे बघायचं होतं मला, ती नखी, ती तार. गेलो तर तोच कीबोर्ड, आणि बाईंनी एक बटण दाबलं. बुकिंग बघणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणे, "सर, साउंड सेमच आहे." अरे साउंड सेम असता तर मी घरी यूट्यूबवर ऐकला असता. पैसे परत मागितले, तर पुढच्या बॅचला दहा टक्के सूट. मी कशाला येऊ परत तोच क्लास करायला. बाईंचा चेहरा पडला होता, त्यांची चूक नव्हती बहुतेक, जाहिरात कोणीतरी भलत्यानेच लिहिलेली. पण पैसे घेणाऱ्याने बघायला नको? अर्धा स्टार इथे गेला. स्पीकरमधून सतत घूंऽऽ येत होतं ते वेगळंच.

त्या दिवशी भाचीला एक धक्कापण बसला. ती पहिल्या ग्रेडपासून जो मिनुएट, म्हणजे नाचाची छोटी धून, बाखचा म्हणून वाजवते, पुण्यात पियानो शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं तो, तो बाखचा नाहीच. दुसऱ्या बायकोसाठी केलेल्या १७२५ च्या वहीत तो लिहिलेला आहे म्हणून त्याच्या नावावर गेला, कर्ता क्रिस्टियान पेट्झोल्ड. "मग मी पाच वर्षं कोणाला शिव्या देत होते?" असं ती म्हणाली, मोठ्याने.

आणि मग बाईंनी माझा मुद्दा काढला. एक रचना लावली, बाखच्या तरुणपणची, प्रिय भावाच्या निरोपाची म्हणतात ती, कॅप्रिचिओ. त्यात आधी मित्र लाडीगोडी लावतात की जाऊ नको, मग परदेशात काय काय होईल याची भीती घालतात, मग सगळे रडतात, बेस एकेक पायरी खाली उतरत राहतो, आणि शेवटी टपालगाडीचं शिंग, तोच सूर वरून धपकन खालच्या सप्तकात, तुतारी वाजवल्यासारखा, आणि गाडी निघते. ज्यांना काही कळत नाही त्यांनी यापासूनच सुरुवात करा, गोष्ट कळतेच. तो भाऊ कोणता यावर वाद आहेत ते सोडा. बाई म्हणाल्या, याच्या तरुणपणच्या कितीतरी रचना आज आपल्याला ऐकायला मिळतात कारण ओरड्रुफच्या त्या थोरल्या भावाने पुढे त्या स्वतःच्या वह्यांत उतरवून ठेवल्या. ज्याने पोराची वही काढून घेतली त्यानेच. मी भाचीकडे विजयी मुद्रेने बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि बोटं मांडीवर चालली होती, वर खाली, वर खाली, ते टपालाचं शिंग.

त्यानंतर बाख बत्तीसाव्या वर्षी, नोकरी सोडू द्या म्हणून हट्ट धरला त्यावरून वायमारच्या ड्यूकने त्याला ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७ कोठडीत टाकला, हे शेवटच्या दहा मिनिटांत कोंबलं. याला खरं तर अर्धा तास द्यायला हवा होता, पण फोटोसेशन आणि प्रमाणपत्रवाटप ठेवलेलं. मोठ्या माणसांना प्रमाणपत्र कशाला हो? माझं गाडीच्या डिकीत आहे.

चहा चांगला, आलं घातलेला, दुसऱ्या रविवारी साबुदाण्याची खिचडी होती तीपण बरी. वेळ पाळतात, प्रभात रोडच्या मानाने. टॉयलेट एकच, बंगल्याच्या मागे. पोरं दहा वर्षांच्या आतली असतील तर चौथा रविवार त्यांना झेपणार नाही, पण दुसरा आणि तिसरा चुकवू नका, फक्त तेवढे दोनच घेता येतात का विचारून बघा, मला विचारायचं सुचलं नाही.

भाचीचं काय झालं विचाराल, तर लगेच पियानोवर तुटून पडली वगैरे असं काही नाही. क्लासातल्या त्या चित्राची छोटी प्रत तिच्या पियानो बुकच्या मागे छापलेली आहे, त्यात आजोबांच्या कमरेला तिने पेनाने तलवार काढलीय. बहिणीने मला फोन करून झापलं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे. रविवारची तारीख कधी सम, कधी विषम असते, त्यामुळे गाडी कुठल्या बाजूला लावायची ते पाटी बघून ठरवा, माझी दुसऱ्या रविवारी उचलता उचलता वाचली. उशी न्या. आणि तिसऱ्या रविवारी पहिल्या रांगेत बसू नका, आरती म्हणायला लावतात.